धुळीची भिंत : आठ लाख वर्षांच्या आलेखाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

आठ लाख वर्षांच्या धुळीचा आलेख लावायची भिंत ठरली. महाविद्यालयाच्या भूगोल विभागाबाहेरचा व्हरांडा : आठ मीटर सलग, मध्ये खांब नाही, पावसाची झड आत येत नाही. आठ मीटर हे माप आमच्या पथ्यावरच पडलं. अंटार्क्टिकाच्या बर्फात धुळीची जी सगळ्यात लांब नोंद सापडली आहे ती आठ लाख वर्षांची, म्हणजे एका सेंटिमीटरला हजार वर्षं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक साडेतीन मिलिमीटरवर. शेतीची सुरुवात अकरा-बारा सेंटिमीटरवर. बाकी सगळी भिंत त्याच्या आधीची.

शोधनिबंधांत बहुतेक वेळा ‘आज’ डावीकडे असतो आणि उजवीकडे सरकावं तसं मागे जावं लागतं. आपली मुलं डावीकडून उजवीकडे वाचणार, तेव्हा काळही तसाच धावू दे. ‘आज’ उजव्या टोकाला, दाराजवळ.

सरांचा आग्रह असा की भिंतीनं एका प्रश्नाचं उत्तर द्यावं : हवा थंड झाली म्हणून धूळ वाढली, की धूळ वाढली म्हणून हवा थंड झाली? माझं म्हणणं, निदान तो प्रश्न नीट विचारता यावा एवढं तरी जमू दे.

१३ जून

माहिती उतरवून घेतली. नोंद युरोपीय देशांच्या एपिका प्रकल्पाची आहे. जागा पूर्व अंटार्क्टिकातलं डोम सी : उंची ३,२३३ मीटर, वर्षाची सरासरी उणे ५४ अंशांच्या आसपास. २००४ च्या डिसेंबरात तिथलं खोदकाम सुमारे ३,२७० मीटरवर थांबलं. त्या गाभ्यातल्या (खोदून काढलेल्या बर्फाच्या लांब दंडगोलातल्या) धुळीचा सगळा हिशेब फाब्रिस लांबेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘नेचर’मध्ये मांडला.

पद्धत ऐकायला सोपी आहे. गाभ्याचा तुकडा घ्यायचा, बाहेरचा थर टाकून द्यायचा, अतिस्वच्छ खोलीत आतला बर्फ वितळवायचा आणि पाण्यात न विरघळलेले कण मोजायचे. कण साधारण दोन मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरात जातो, म्हणजे डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही. बर्फ स्वच्छच दिसतो.

धूळ दोन तऱ्हांनी मांडता येते : एक किलो बर्फात किती, किंवा एका चौरस मीटरवर वर्षाला किती पडली. फरक किरकोळ वाटतो, पण नाही. डोम सीवर आजही वर्षाला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर पाण्याइतकाच बर्फ पडतो, आणि हिमयुगात तोही जवळपास निम्म्यावर यायचा. त्यामुळे धूळ तेवढीच पडली तरी बर्फात ती दुप्पट दाट दिसणार. भिंतीवर दुसरी तऱ्हा घ्यायची, वर्षाला चौरस मीटरमागे किती ती. हे ठरलं, परत उकरायचं नाही.

तापमानाची रेघही याच गाभ्यातून, बर्फातल्या ड्यूटेरियमवरून, म्हणजे जड हायड्रोजनवरून काढलेली. एकाच बर्फातल्या दोन्ही नोंदी असल्यानं त्यांच्या तारखा जुळवायची कटकट नाही.

२० जून

साध्या पट्टीवर आलेख काढून पाहिला. आठ सुळके आणि मध्ये सपाट मैदान. हिमयुगाच्या ऐन भरात डोम सीवर उबदार काळाच्या सुमारे २५ पट धूळ पडत होती, त्यामुळे साध्या पट्टीवर उबदार काळ पार जमिनीला टेकतो आणि तिथं काही घडत होतं की नाही तेच कळत नाही.

मग लॉग पट्टी लावली, म्हणजे सारख्या अंतराला सारख्याच पटीनं वाढणारी. सर म्हणाले, मुलांना कळणार नाही. मी म्हटलं, भूकंपाची रिश्टर आणि आवाजाचे डेसिबल त्यांना चालतात, तेही याच जातीचे. तडजोड अशी : मोठा आलेख लॉग पट्टीवर, कोपऱ्यात साध्या पट्टीवरचा छोटा, शेजारी दोन ओळी.

लॉग पट्टीवर तापमानाची रेघ धुळीच्या रेघेखाली ठेवली आणि संध्याकाळ त्यातच गेली. हिमयुगांच्या पट्ट्यांत दोघी हातात हात घालून चालतात; तापमान खाली गेलं की धूळ वर, अगदी लहान चढउतारसुद्धा जुळतात. उबदार काळात मात्र दोघींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. तापमान एक-दोन अंश हललं तरी धूळ जागची हलत नाही. लांबेर यांच्या निबंधातला मुख्य मुद्दा हाच आहे : थंडी एका मर्यादेपलीकडे गेली की मगच अंटार्क्टिकाचं हवामान आणि धूळ जिथून येते त्या भूभागाचं हवामान एकमेकांना बांधलं जातं.

सरांच्या प्रश्नाला याचा पहिला धक्का बसतो. थंडी पडली की धूळ वाढते असं सरसकट म्हणता येत नाही. पुरेशी पडली की वाढते.

२७ जून

आज धुळीचं गाव शोधायचं काम. अंटार्क्टिका बर्फानं झाकलेला, मग धूळ कुठली? कणांमधल्या स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण पाहतात. प्रत्येक भूभागाच्या खडकाचं ते प्रमाण वेगळं असतं. हिमयुगातली डोम सीची धूळ दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाशी जुळते, मुख्यतः पॅटागोनिया. तिथून दक्षिण महासागर ओलांडून हजारो किलोमीटरचा प्रवास.

पॅटागोनियात हिमयुगात इतकी धूळ का, याचं एक कारण डोळ्यांसमोर उभं राहतं. अँडीजवरून उतरणारी हिमनदी म्हणजे दगडावर दगड फिरवणारं जातं. तिच्या तोंडातून बाहेर पडणारं पाणी दगडाच्या पिठानं दुधासारखं गढूळ असतं. ते पीठ पुढच्या उघड्या मैदानावर पसरलं, वाळलं, आणि तिथला पश्चिमेचा वारा तर कुप्रसिद्धच. पण हिमनदी थोडी मागे सरली की तिच्यापुढच्या खोलगट भागात तळं साचतं आणि सगळा गाळ तळ्यातच बसतो. मैदानाला मिळणारा पुरवठा तिथंच तुटतो. डेव्हिड सगडेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की अंटार्क्टिकाच्या बर्फातली धुळीची उसळी आणि पॅटागोनियातल्या हिमनद्या थेट मैदानात उतरल्याचा काळ जुळतो. २५ पट वाढ आणि मग एकदम घसरण, यातली ‘एकदम’ची बाजू या तळ्यांनी सुटते.

दुसरं मत : उगमाशी धूळ वाढली असेलही, पण ती हवेत टिकलीही जास्त. थंड हवेत बाष्प कमी, पाऊस-बर्फ कमी, त्यामुळे वाटेतच धुऊन जाणं कमी. मला दोन्ही कारणं एकत्रच खरी वाटतात, आणि भिंतीवर दोन्ही येतील. समुद्राची पातळी त्या काळी सुमारे १२० मीटर खाली होती आणि अर्जेंटिनाचा रुंद उथळ किनारा उघडा पडला होता, हे चित्रात नुसतं दाखवायचं, मजकूर नको.

४ जुलै

समुद्रातल्या लोहाविषयीची पाटी लिहिली. ही पाटी मुलं नक्की वाचतील, कारण गोष्ट चमत्कारिक आहे.

दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, तरी वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणारे, वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव) कमी. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग सागरी प्रयोगशाळेचे जॉन मार्टिन यांचं म्हणणं : तिथं उणीव लोहाची आहे. ही उणीव आधी कुणाला मोजताच आली नव्हती, कारण जहाजच लोखंडाचं, दोर गंजलेले, नमुन्यात बाहेरचंच लोह मिसळायचं. मार्टिन यांनी नमुने काटेकोर स्वच्छतेनं घेतले तेव्हा खरा आकडा हाती आला. पुढची उडी अशी : हिमयुगात वाऱ्यानं आलेल्या धुळीतून समुद्राला लोह मिळालं, प्लवक फोफावलं, त्यानं हवेतला कार्बन ओढून खोल समुद्रात नेला, हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला आणि थंडी आणखी वाढली. हा विचार त्यांनी १९९० मध्ये सविस्तर छापला. त्याआधी १९८८ मध्ये वुड्स होल इथं त्यांनी थट्टेनं म्हटलं होतं की अर्धं टँकर लोखंड द्या, मी हिमयुग आणून दाखवतो. १९९३ च्या जूनमध्ये ते गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात समुद्रात लोह सोडण्याचा पहिला प्रयोग झाला. प्लवक खरंच वाढलं.

यात गोव्याचाही हात आहे. २००९ च्या सुरुवातीला दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मन शास्त्रज्ञांबरोबर ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून लोहाफेक्स हा प्रयोग केला. दक्षिण अटलांटिकमधल्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडलं. प्लवक वाढलं, पण ते बारीक जीवांनी खाऊन टाकलं आणि खोलवर फारसा कार्बन गेला नाही. त्या पाण्यात सिलिका कमी होती. काचेसारखं कवच बांधणारे, जड होऊन बुडणारे डायटम तिथं वाढूच शकले नाहीत. म्हणजे लोह पडलं की कार्बन बुडालाच, असं नाही. कुठल्या पाण्यात पडलं तेही बघावं लागतं.

भूतकाळासाठीचा पुरावा मात्र भक्कम आहे. केप ऑफ गुड होपच्या नैर्ऋत्येला समुद्रतळातून काढलेल्या गाळात, फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून कळतं की वरचं नायट्रेट किती वापरलं गेलं. आल्फ्रेडो मार्टिनेझ-गार्सिया आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं : जेव्हा जेव्हा धूळ जास्त, तेव्हा तेव्हा नायट्रेटचा वापरही जास्त.

११ जुलै

कार्बन डायऑक्साइडची रेघ चढवली. हा सगळ्या भिंतीचा कणा, त्यामुळे नोंद लांब होणार.

आधी एक तांत्रिक अडचण. वायू मोजतात ते बर्फातल्या बुडबुड्यांतून. पण ताजा बर्फ सच्छिद्र असतो, वरची हवा खाली जात-येत राहते; सुमारे शंभर मीटर खोल गेल्यावर दाबानं छिद्रं मिटतात आणि मगच हवा कोंडली जाते. म्हणजे एकाच तुकड्यातली धूळ जुनी आणि हवा त्याहून काही हजार वर्षांनी नवी. नुसती खोली जुळवली असती तर भिंतीवर काही सेंटिमीटरची फसगत झाली असती, आणि ‘आधी कोण’ या प्रश्नात तेवढे सेंटिमीटर म्हणजे सगळंच. प्रसिद्ध झालेल्या नोंदींत ही दुरुस्ती आधीच केलेली आहे. आम्ही फक्त धूळ आणि वायू दोन्ही एकाच कालमापनावर असल्याची खात्री करून घेतली.

आता शेवटच्या हिमयुगाची सुरुवात. उजव्या टोकापासून ११५ सेंटिमीटरवर पट्टी ठेवली. १ लाख १५ हजार वर्षांपूर्वी कार्बन डायऑक्साइड २७०-२८० पीपीएमवरून (हवेच्या दर दहा लाख भागांतले भाग) उतरायला लागतो आणि पुढच्या काही हजार वर्षांत सुमारे ४० पीपीएम खाली येतो. त्याच जागी धुळीची रेघ पाहिली. काही नाही. सपाट. म्हणजे हिमयुगाची पहिली पायरी धुळीशिवायच उतरली गेली. तिची कारणं दुसरीकडे आहेत : पृथ्वीच्या कक्षेतले बदल, समुद्राचं थंड होणं, त्यातली उलथापालथ.

पट्टी ७० सेंटिमीटरवर आणली. इथं धूळ उसळते, आणि इथंच कार्बन डायऑक्साइडची दुसरी मोठी घसरण आहे, २०० च्या आसपास. २०१४ च्या त्या अभ्यासाचा हिशेबही याच्याशी जुळतो : १८० ते २८० पीपीएमच्या एकूण फरकात लोहाच्या खताचा वाटा फार तर ४० पीपीएमचा, आणि तोही या उत्तरार्धातला.

शेवटाकडे चला. १८ सेंटिमीटरवर धूळ कमी व्हायला लागते आणि १५ पर्यंत जवळपास आजच्या पातळीला येते. कार्बन डायऑक्साइड मात्र ११ पर्यंत चढतच राहतो. लोह बंद झाल्यानं चढाला सुरुवातीचा हात लागला असेल, पण पुढचा चढ एकट्या धुळीच्या नावावर टाकता येत नाही.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारून स्वतः पट्टी लावून पाहिली, ११५ वर, मग ७० वर, परत ११५ वर. म्हणाले, “म्हणजे आधी थंडीनं धूळ उठवली आणि मग धुळीनं थंडी वाढवली.” भिंतीवर हेच वाक्य जाईल, त्यांच्याच शब्दांत. माझी त्यात एवढीच भर की ११५ आणि ७० या दोन जागी उभ्या लाल रेघा हव्यात, नाहीतर वाक्य वाचून लोक पुढे जातील आणि पाहणार नाहीत.

१५ जुलै

छपाईवाल्याकडे जाऊन आलो. आठ मीटर एका तुकड्यात छापता येतं, पण चिकटवताना ताणलं जातं म्हणे, त्यामुळे दोन-दोन मीटरचे चार तुकडे. धुळीचा रंग विटकरी. तो म्हणत होता सोनेरी उठून दिसेल. नको.

२२ जुलै

उत्तर गोलार्धाचं आधी एकच पान होतं, आता दोन झालीत. विषयच तसा आहे.

ग्रीनलंडच्या बर्फातली हिमयुगाची धूळ पूर्व आशियाच्या वाळवंटांतली. ताक्लामाकानचं नाव त्यात पुढे. तिथल्या नोंदीत अंटार्क्टिकासारखे संथ चढउतार नाहीत, झटके आहेत. काही दशकांत ग्रीनलंड ८ ते १६ अंशांनी तापतं आणि धूळ साधारण दहापटीनं घटते, मग पुन्हा हळूहळू थंडी. हिमयुगाच्या शेवटच्या झटक्यांची वर्षावर्षाची छाननी २००८ मध्ये यॉर्गन पेडर स्टेफनसेन आणि सहकाऱ्यांनी केली. तिथं ग्रीनलंडचं हवामान पालटण्याच्या काही वर्षं आधीच धूळ कमी व्हायला लागलेली दिसते. म्हणजे आशियात पाऊस आधी वाढला, वाळवंटं ओली झाली, आणि ग्रीनलंडला बातमी मागाहून. दक्षिणेत एक क्रम, उत्तरेत दुसरा. एकाच भिंतीवर दोन्ही दाखवताना गोंधळ होणार हे धरूनच चाललो आहोत.

चीनचं लोएस पठार हा वेगळा फलक. भूगोलाच्या पुस्तकात ‘वाऱ्याच्या निक्षेपणाने तयार झालेले मैदान’ एवढ्या एका ओळीत ते संपतं. लुओचुआन इथं ही धूळ शंभर मीटरहून जाड आहे आणि तिचा तळ सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीचा. कड्यात पिवळट आणि तांबूस पट्टे आलटून-पालटून : पिवळट म्हणजे थंड, कोरडा, धुळीचा काळ; तांबूस म्हणजे पाऊस वाढून धुळीची माती झाली तो काळ. तांबूस थर जास्त चुंबकीय, कारण माती होताना त्यात बारीक चुंबकीय खनिजं तयार होतात. त्यामुळे साध्या उपकरणानं कड्यावरून वर-खाली फिरून पूर्व आशियाच्या मोसमी पावसाचा इतिहास वाचता येतो. लिऊ तुंगशेंग यांनी उभं आयुष्य या धुळीला दिलं. पर्यावरणविज्ञानाचा २००२ चा टायलर पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच कड्यात खोदलेल्या घरांत माणसं राहत आली आहेत. फलकावर त्या घराचं चित्र भाचीनं काढलंय, दार कमानीचं, वर मक्याची कणसं वाळत टाकलेली. फलकाचा अर्धा भाग त्या चित्रालाच द्यावा असं मला वाटतं.

३० जुलै

बाणांवरून वाद. सरांना प्रत्येक फलकाच्या कोपऱ्यात एक बाण हवा होता : धुळीमुळे तापमान वर की खाली. मी एकच बाण काढायला तयार नाही.

समुद्राच्या गडद पाण्यावर धूळ तरंगली तर ऊन परत उडवते, खालचं गार होतं. तीच धूळ चकाकत्या वाळवंटावर किंवा बर्फावर तरंगली तर खालच्यापेक्षा तीच काळपट, ती ऊन शोषते. कण जाड असेल तर जमिनीतून निघालेली उष्णताही अडवतो. आणि बर्फावर येऊन बसली तर बर्फ मळतो आणि लवकर वितळतो. हिमयुगाच्या भरात कॅनडा आणि उत्तर युरोपवर किलोमीटरांनी बर्फ होता, पण उत्तर आशियाचा बहुतेक भाग हिमस्तराविना. इतक्या थंड सायबेरियात हिमस्तर का नाही? गेऱ्हार्ड क्रिनर आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या संगणकीय प्रतिमानात एक उत्तर निघालं : आशियाई वाळवंटांची धूळ हिवाळ्यातल्या बर्फावर पडे आणि उन्हाळ्यात तो टिकू देत नसे. म्हणजे दक्षिण महासागरात थंडी वाढवणारी धूळ सायबेरियात हिमस्तर बसू देत नव्हती.

शेवटी बाणांऐवजी चार लहान चित्रं : समुद्र, वाळवंट, बर्फ, प्लवक. सर नाराज आहेत. राहू देत.

५ ऑगस्ट

अरबी समुद्राचा फलक. २३ जानेवारी २०२२ ला मुंबईत गाड्यांच्या काचांवर पांढरट थर बसला होता, पाकिस्तानकडून समुद्रावरून आलेल्या धुळीचा. तो फोटो मित्राकडून मिळाला, वायपरनं काढलेली अर्धगोल खूण स्पष्ट दिसते. तो सुरुवातीला लावू.

खरी सामग्री ओमानजवळच्या ओवेन कटकावरची, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगेवरची. १९८७ च्या सागरी खोदकाम मोहिमेतले आणि आधीचे गाळाचे गाभे वापरून स्टीव्हन क्लेमेन्स आणि वॉरन प्रेल यांनी १९९० मध्ये एक चांगली फोड केली. गाळात धूळ किती आहे त्यावरून उगमाचा प्रदेश किती कोरडा होता ते कळतं. कण किती जाड आहेत त्यावरून वारा किती जोराचा होता ते. दोन्ही एकत्र वाढत नाहीत. हिमयुगात धूळ जास्त, कारण अरबस्तान-सोमालिया कोरडे. पण उन्हाळी मोसमी वारा जोरात होता असं कण सांगत नाहीत. आपल्या पावसाचा इतिहास असा परदेशी वाळूच्या कणांच्या जाडीत आहे.

आजचं एक टिपण याच फलकावर. व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात अरबी समुद्र आणि पश्चिम आशियावर धूळ वाढली की आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढलेला दिसतो : धूळ ऊन शोषून हवा तापवते, आणि समुद्रावरून बाष्प ओढलं जातं.

१२ ऑगस्ट

चारही तुकडे लागले. तिसऱ्या आणि चौथ्याच्या सांध्यात तापमानाची रेघ केसभर सरकली आहे, कुणाला दिसणार नाही.

सहाराचा फलक सगळ्यात शेवटी, कारण भिंतीवर त्याला जागा फक्त उजवीकडच्या १५ सेंटिमीटरची. तेवढ्यात केवढं झालं. सुमारे १४,८०० वर्षांपूर्वीपासून सहारा हिरवा : तळी, पाणघोडे, गुरं राखणारी माणसं. मॉरिटानियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रतळात पीटर डीमेनोकल आणि सहकाऱ्यांना (२०००) धुळीची रेघ तोवर खाली, आणि ५,५०० वर्षांपूर्वी झटकन वर गेलेली सापडली. ऊन तर कक्षेनुसार हळूहळू कमी होत होतं, मग झटकन का? गवत गेलं, धूळ उठली, आणि फ्रान्चेस्को पाउसाता आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या प्रतिमानात धूळ कमी-जास्त केली तर आफ्रिकेचा मोसमी पाऊस उत्तरेला किती पोचतो तेच बदललं. चाडमधलं बोडेले हे आज जगातलं सगळ्यात धुळीचं ठिकाण; ते त्याच काळातल्या महाकाय चाड सरोवराचा वाळलेला तळ आहे, उडते ती बरीचशी डायटमची कवचं. डार्विननं १८३२ च्या जानेवारीत केप व्हर्द बेटांपाशी ‘बीगल’ जहाजावर पडलेली तपकिरी धूळ गोळा केली होती आणि तिच्यातही सूक्ष्म जीवांची कवचं निघाली, हे पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात टाकलंय.

बाकी राहिलं ते शेवटच्या दोन मिलिमीटरचं. जॅस्पर कॉक आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या हिशेबात औद्योगिक काळाआधीपासून जगाच्या हवेतली धूळ सुमारे ५५ टक्क्यांनी वाढली आहे, आणि तिचा एकूण परिणाम थंडीकडे की उष्णतेकडे याची चिन्हं दोन्ही बाजूंना पडतात. आमच्या रेघेचीच जाडी दोन मिलिमीटर, त्यामुळे हे भिंतीवर मावत नाही. दाराच्या पलीकडच्या पट्टीवर वेगळा आलेख करायचा, दहा वर्षांना एक सेंटिमीटर. माहिती जमवायला दोन विद्यार्थिनी तयार आहेत. शिडी सोमवारी परत करायची आहे.